तुमी जेवनात काय टाकता

दुसरबीड, ६ डिसेंबर १९३१

आबकारी खात्याची डायरी मला रोज लिहावी लागते. किती गाड्या तपासल्या, कोणाची गाठोडी सोडवली, अफू-दारू काय सापडली. ती वर साहेबांकडे जाते, तेव्हा तीत घरचं लिहिता येत नाही. म्हणून ही दुसरी वही मेहकरहून आणली. इतकी वर्षं अशा वहीची गरज पडली नव्हती. दिवसभराचं सगळं मी घरी येऊन सौ.ला सांगायचो आणि ती माझी यथेच्छ टर उडवायची. "आज कोनाच्या धोतराले हात घातला, शेषराव साहेब?" हे तिचं ठरलेलं स्वागत. नवऱ्याचं नाव तोंडावर घेणारी बाई साऱ्या मुलखात दुसरी नसेल. मी वरवर रागवायचो आणि उद्याही घ्यावं म्हणून वाट पाहायचो.

दोन-तीन महिने झाले, ती काही विचारत नाही. मी सांगायला लागलो तर हूं हूं करते आणि मधेच डोळे मिटते.

इथं आम्हाला तिसरं माणूस नाही. लेकरू झालं नाही. सिंदखेड ओलांडलं की निजामाची मोगलाई, तिकडून चोरटा माल येतो आणि तो अडवायला मी या रस्त्यावर बसलो आहे. गावाला आबकारीचा माणूस म्हणजे घरात शिरलेला विंचू. लोक रामराम करतात आणि पुढे सटकतात. बोलायला मला एक वच्छलाच होती.

१९ डिसेंबर

आज जेवायला दोन वाजले. चूल पेटलेली, पीठ परातीत आणि ती तशीच बसलेली. "काय झालं वं?" म्हटलं तर सावकाश मान वर केली. "भाकर थापून राह्यली ना." परातीत भाकर नव्हतीच. चेहरा झोपून उठल्यासारखा सुजट दिसतो. पूर्वी ही बाई दळण-कांडण उरकून रस्त्यापलीकडे नजमुन्निसाकडे तासभर गप्पा हाणून यायची. नजमुन्निसा म्हणजे गफ्फार शिंप्याची बायको, तिची इथली एकुलती मैत्रीण. आता तीच इकडे येते आणि ही नुसती ऐकते.

मी चिडून दोन शब्द जास्तच बोललो. ती रडली नाही, उलटूनही बोलली नाही. उलटून बोलली असती तर बरं वाटलं असतं.

२ जानेवारी १९३२

नाक्यावर आज जालन्याकडचा एक माणूस धरला. गाडीच्या जुवात पोकळी करून अफू भरली होती. माझा जमादार निवृत्ती सगळ्यांना सांगत सुटला, "आमच्या साहेबाच्या डोयातून काई सुटत नाई." मीही फुगलो. म्हटलं, अरे, माल शोधायच्या आधी माणूस वाचावा. अफू खाणारा लांबून ओळखता येतो. आणि बोटांवर मोजून दाखवायला लागलो. जीभ जड, बोलणं ओढून आणल्यासारखं. डोळ्यांखाली फुगलेलं. कातडी कोरडी. पोट चार-चार दिवस साफ नाही. बसल्या जागी झोप. सारखी थंडी.

मोजता मोजता मी थांबलो. निवृत्ती म्हणाला, "अखीन साहेब?" मी म्हटलं, बस, इतकंच.

५ जानेवारी

तीन दिवस स्वतःला समजावतो आहे. वच्छला महानुभावांच्या घरची, लग्नाआधीच उपदेश घेतलेली. मांस तर दूरच, विडीचा धूर आला तरी पदर नाकाला लावते. ती अफू खाईल? पण नाक्यावर मी असे सोवळे कितीतरी पाहिले आहेत. आठ वर्षांत एक गोष्ट शिकलो, की ज्याच्यावर संशय येत नाही त्याचं गाठोडं आधी सोडावं.

आज अंगणात उन्हात बसवून तिच्या डोळ्यांत पाहिलं. अफू घेणाऱ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. हिची तशी नव्हती. आज घेतली नसेल.

"काय पाहून राह्यले?" तिनं विचारलं.

"काई नाई. डोये लाल दिसले."

९ जानेवारी

ती आंघोळीला गेली तेव्हा घराची झडती घेतली. डबे, उतरंड, गोधडीच्या शिवणी, चुलीमागची राख, तिची पेटी. तिच्या माहेरच्या साड्यांच्या घड्या मी एकेक करून उलगडल्या. काही सापडलं नाही. नाक्यावर अशा वेळी आम्ही म्हणतो की माल लपवणारा हुशार आहे.

घड्या परत तशा जमल्या नाहीत. तिनं पेटी उघडली, पाहिलं आणि बंद केली. 

२१ जानेवारी

धरली! नजमुन्निसा पदराखाली पुडी घेऊन येत होती. मी दारातच अडवलं. पुडी उघडायला लावली.

"इसबगोल हाये साहेब," ती म्हणाली. "भाभीचं पोट आठ-आठ दिवस साफ होत नाई. तुमाले सांगाले लाजते ते."

पुडीत खरंच इसबगोल होतं. पण पोट का साफ होत नाही, हे मला कोणी सांगायला नको. आणि आज इसबगोल आणणारी उद्या काय आणेल? मी तिला सांगितलं की या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मीच आधी मान फिरवली.

वच्छला आतून सगळं ऐकत होती. संध्याकाळी मी सरळ विचारलं, "अफू कोठून आनतं वं?" तिला शब्द कळायलाच वेळ लागला. मग हळूहळू तोंड वाकडं झालं आणि ती रडायला लागली. रडणंसुद्धा संथ. "म्या? अफू?" इतकंच म्हणत राहिली. आवाज पुरुषासारखा घोगरा झाला आहे. माझ्या वच्छलाचा आवाज असा नव्हता.

१८ फेब्रुवारी

फिरतीवर जाताना बाहेरून कुलूप लावतो. माल आत जाणार नाही, एवढाच हेतू. सव्वा महिन्यात व्यसन सुटेल. सुटताना त्रास होतो, माणूस काहीबाही बोलतं, हे मला ठाऊक आहे. मी सहन करीन. मला माझी बायको जशी होती तशी परत पाहिजे, दुसरं काही नको.

आज फिरतीवर वरवट बकालकडच्या एका जोडप्याची गाडी तपासली. नवरा-बायको कशावरून तरी हसत होते आणि मला पाहून गप्प झाले. गाडी लवकर सोडली.

१३ मार्च

ती म्हणते, भिंतीपलीकडे माणसं बोलतात. मोगलाईतून तिला न्यायला आली आहेत आणि मी त्यांना सामील आहे. भिंतीपलीकडे उकिरडा आहे. मी तिला हाताला धरून नेऊन दाखवला. ती म्हणाली, "मले आनाच्या आधी तुमी त्यायले पाठवून देलं."

२९ मार्च

आजचं लिहायला हात धजत नाही.

ती दोन दिवस जेवली नव्हती. मी पिठलं-भाकर केली, ताट समोर ठेवलं. ती ताटाकडे पाहत म्हणाली, "तुमी जेवनात काय टाकता?"

मी म्हटलं, "मीठ टाकलं, तिखट टाकलं, आनखी काय?"

"नाई. तुमी काई तरी टाकता. मले येडी करून सोडाचं हाये तुमाले."

मी तिच्या ताटातला घास उचलून खाल्ला. तरी हात लावेना. मग मी तिच्यासमोर लहान पोरासारखा रडलो. लग्नाला अकरा वर्षं झाली, रडताना तिनं मला कधी पाहिलं नव्हतं. तिनं पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

आता रोज तिच्या ताटातला पहिला घास मी खातो, तेव्हा ती चार घास घेते.

११ मे

वैशाख भाजून काढतो आहे. नाक्यावर बैलं जीभ काढून उभी असतात. आणि वच्छला गोधडी पांघरून चुलीला खेटून बसते. "मले थंडी वाजून राह्यली." हात लावला तर खरोखरच गार. केस विंचरताना मूठ-मूठ हातात येतात. भुवयांची टोकं झडून गेली आहेत.

आणि मी आज प्रथमच सरळ विचार केला. तीन महिने ती कुलपात आहे. कोणी येत नाही, जात नाही. माल बंद होऊन तीन महिने झाले आणि नशा वाढतेच आहे. असं कधी होत नाही. मग मी तीन महिने काय करत होतो?

१२ मे

आज मी कुलूप लावलं नाही. तर दुपारी ती रस्त्यावर धावत आली आणि गाडीवाल्यांसमोर ओरडली, "हा मानूस मले इख देऊन राह्यला!" निवृत्तीनं तिला आईला धरावं तसं धरून घरी आणलं. लोक जमले. एक म्हणाला, बाहेरचं आहे, सैलानीच्या दर्ग्याला घेऊन जा. दुसरा म्हणाला, नागपूरला वेड्यांच्या इस्पितळात टाका. मी खाली मान घालून ऐकलं.

गर्दी पांगली तेव्हा दारात नजमुन्निसा उभी. माझी मनाई मोडून आली होती.

"साहेब, रागवा नाई त मारा," ती म्हणाली. "माह्या मामूनं जिंदगीभर अफू खाल्ली. उन्हाळ्यात त्यानं कधी गोधडी नाई घेतली. हे अफू नोहे अन् बाहेरचं बी नोहे. भाभीच्या आंगात काई बिघडलं. खामगावले मोठ्या डाक्टरले दाखवा."

मी म्हटलं, "तुमी आत या."

आठ वर्षं माणसं वाचणारा मी, आणि ते शिंप्याच्या बायकोला दिसलं.

२० मे, खामगाव

मोटारीनं आलो. वाटेत जानेफळला तिचा भाऊ उत्तमराव सोबतीला बसला. बहिणीला पाहून तो ओळखेचना. सबंध रस्ताभर तो तिचा हात हातात धरून बसला. मला ती तो हात धरू देत नव्हती.

डॉक्टर भगवंतराव म्हातारे आहेत, पूर्वी पलटणीत होते. तिला बोलतं करून त्यांनी नुसतं ऐकलं. नाडी मोजली. मग मला विचारलं, "यांचा जुना फोटो आहे का?" उत्तमरावाच्या पेटीत आमच्या लग्नाचा होता. डॉक्टरांनी तो तिच्या चेहऱ्याशेजारी धरला. बराच वेळ पाहिलं. मीही पाहिलं. रोज समोर असल्यामुळे मला दिसलंच नव्हतं. फोटोतली आणि ही, दोन वेगळ्या बाया होत्या.

तिला बाहेर बसवून ते म्हणाले, "गळ्यात पुढच्या बाजूला एक ग्रंथी असते. थायरॉइड म्हणतात. तिचं काम बंद पडलं की माणूस गारठतं, सुजतं, सुस्त होतं. फार दिवस तसंच राहिलं की डोकंही फिरतं. आवाज ऐकू येतात, जवळच्याच माणसाचा संशय येतो. माझ्या उमेदीत मी वेड्यांच्या इस्पितळात अशी दोघं पाहिली. त्यांना वेड नव्हतंच. कोणी गळ्याचा विचार केला नव्हता. तुम्ही काय समजत होतात?"

मी सांगितलं. त्यांनी लग्नाचा फोटो माझ्या हातात ठेवला. त्यांनी मला शिवी दिली असती तरी चाललं असतं.

औषध आहे. मुंबईहून गोळ्या येतात, त्यांच्याकडे एक बाटली होती. आधी अर्धी गोळी, मग हळूहळू वाढवायची. घाई केली तर काळजावर येईल. उठता उठता त्यांनी सांगितलं, "मेंढीच्या त्याच ग्रंथीपासून करतात. वाळवून, कुटून."

मी म्हटलं, "मेंढीच्या?"

"दुसरं औषध नाही," ते म्हणाले.

२३ मे, दुसरबीड

उत्तमरावाला गोळी कशाची ते सांगितलं नाही. त्याच्या घरात अंड्याचं नाव काढत नाहीत. वच्छलाला सांगायचा प्रश्नच नाही, या अवस्थेत तिला काय कळणार? आणि कळलं तर मरेल पण घेणार नाही.

गोळीची पूड करून ताकात घातली. तिच्यासमोर घोटभर मी प्यालो आणि ताक तिला दिलं. तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. मग प्याली.

चोरटा माल पकडण्यात माझी हयात गेली. आज मी तो घरात आणला आणि पोचवला. 

८ जून

तिनं गोधडी आपण होऊन बाजूला टाकली. "उकडून राह्यलं," म्हणाली. मी बाहेर जाऊन निवृत्तीला हे सांगितलं. त्याला वाटलं, साहेबांनाच उन्हाचं लागलं.

२५ जून

चेहरा उतरतो आहे, गालाचं हाड दिसायला लागलं. भिंतीपलीकडची माणसं महिनाभरात आली नाहीत. नजमुन्निसा रोज येते. आज दोघींचा आवाज ऐकू आला आणि त्यातला वच्छलाचा कोणता हे मला लगेच कळलं.

मी नाक्यावरून घरी आलो. ती दारात होती.

"आज कोनाचं धोतर?" ती म्हणाली.



१७ जुलै

माझं ताट वाढून ती समोर बसली. पुष्कळ दिवस मनात ठेवलेलं बोलतात तशी म्हणाली, "म्या तुमाले काय काय बोलली. चारचौघात इख देता म्हन्लं. जेवनात काई टाकता म्हन्लं. तुमी उपाशी राहून मले खाऊ घालत होते. मले माफ करा."

मी म्हणालो, "जाऊ दे वं. दुखण्यात मानूस काई बी बोलते."

"नाई. माफ केलं म्हना."

"केलं."

तेव्हा तिचं ताक आत कोनाड्यात होतं, पूड घालून ढवळलेलं. मी ते आणून तिला दिलं. तिनं दोन्ही हातांनी घेतलं.

२६ जुलै

डॉक्टरांचं पत्र आलं. प्रकृती ऐकून समाधान वाटलं, गोळी मात्र जन्मभर चालू ठेवावी लागेल, बंद केली की सगळं परत येईल.

जन्मभर.

आज ताक पिताना ती थांबली. वास घेतला, पुन्हा घोट घेतला. "याले कसा तरीच वास येते," ती म्हणाली. मग स्वतःच हसली, पण डोळ्यांत भीती होती. "माह्या डोक्यातलाच हाये ना तो? पयल्यासारखा?"

आणि मी म्हटलं, "डोक्यातलाच."

तिनं मान हलवली. पेला रिकामा केला. मग ओट्यावर जाऊन हात मांडीत घेऊन बसली.  नजमुन्निसानं हाक मारली तर म्हणाली, "मले पुन्हा होऊन राह्यलं वाट्टे."

ती भिंतीला कान लावून पाहत होती.

२७ जुलै

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी ती उठल्याबरोबर बाटली तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. मेंढीचं, ताकाचं, पहिल्या दिवसापासूनचं. म्हटलं, तुला वास आला तो खरा होता. तुझं डोकं ठिकाणावर आहे.

ती बाटलीकडे पाहत राहिली. मला वाटलं, उपदेश मोडला म्हणून आक्रोश करेल. बाटली फेकून देईल. मी ती पकडायच्या तयारीनंच बसलो होतो, हेही लिहून ठेवतो.

"हे नाई घेतलं त मी पुन्हा तशी होईन?" तिनं विचारलं.

"हाव."

"खामगावहून आल्यावर सांगतलं असतं त म्या घेतलं नसतं. ते तुमचं बरोबर हाये. तवा मी येडीच होती." ती सावकाश बोलत होती, पण तो संथपणा आजाराचा नव्हता. "पन म्या माफी मागतली तवा मी शहानी होती. अन् काल बी शहानी होती. काल मले नाकानं खरं सांगतलं, अन् तुमी मले येडी म्हन्लं. मी दिवसभर भिंतीले कान लावून बसली, शेषराव."

साहेब म्हणाली नाही.

मी तिचे पाय धरायला वाकलो. तिनं पाय मागे घेतले. मग बाटलीतून एक गोळी काढली, तळहातावर घेऊन पाहिली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि पाण्याबरोबर गिळली.

"मेहकरच्या महंतायले मी विचारीन," ती म्हणाली. "प्रायश्चित्त सांगतीन ते घेईन. माह्या जिवासाठी म्या खाल्लं, माह्या हातानं खाल्लं. तुमचं तुमी पाहा."

१४ ऑगस्ट

बाटली घरात नाही. ती नजमुन्निसाच्या फडताळात ठेवली आहे. मी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "इथं ठेवली त तुमी अखीन कशात तरी टाकसान." रागानं नाही, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं.

आता ती ताक पीत नाही. स्वयंपाक करते, मला वाढते, घर चालवते. प्रकृती उत्तम आहे, डॉक्टरांना मी तसं कळवलं. केस पुन्हा येत आहेत.

रोज सकाळी ती चिखल चुकवत रस्ता ओलांडते, नजमुन्निसाकडे गोळी घेते आणि तिथंच बसते. दोघींचं हसणं रस्त्याच्या अलीकडे ऐकू येतं. नाक्यावर जायची वेळ टळून जाते, निवृत्ती दोनदा येऊन डोकावतो, पण ती घरात आल्याशिवाय माझा पाय निघत नाही. आजवर ती रोज परत आली आहे.